फटिक उड्या मारत कलकत्त्याला गेला, मग तो दुःखी का?

प्रश्न: मी आठवी-नववीला भाषा शिकवते. यंदा अवांतर वाचनासाठी रवींद्रनाथ टागोरांची 'छुटी' ही कथा घेतली. 'फटिकच्या दुःखाची कारणे लिहा' या प्रश्नाला बहुतेक मुलं चार कारणं लिहितात: आईपासून दूर राहावं लागलं, मामी वाईट वागली, शाळेत मार बसला, पुस्तक हरवलं. एवढ्यावर उत्तर पूर्ण होतं का? शिवाय एका मुलाने विचारलं, "बाई, तो स्वतःच उड्या मारत गेला ना, मग रडतो कशाला?" त्याला काय सांगावं?

उत्तर:

चारही कारणं कथेत आहेत, त्यामुळे त्यांचे गुण कापू नका. फक्त एवढं पाहा की ती चारही कारणं कलकत्त्यातली आहेत. फटिकचं दुःख त्याच्या आधी, गावातच सुरू झालेलं असतं, अगदी पहिल्या दोन-तीन पानांत. ती पानं मुलं खोडकरपणाची म्हणून हसत हसत वाचतात आणि पुढे जातात. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आपल्याला त्या पानांकडे परत नेतो, म्हणून मी आधी त्याच्याकडेच वळते.

कथा न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: बंगालमधल्या नदीकाठच्या एका गावात फटिक चक्रवर्ती हा पोरांचा म्होरक्या. वडील वारलेले. घरी आई आणि धाकटा भाऊ माखन. पश्चिमेकडे कामाला गेलेला मामा, विश्वंभर, पुष्कळ वर्षांनी बहिणीला भेटायला येतो आणि फटिकला शिकायला म्हणून कलकत्त्याला घेऊन जातो. तिथे मामी, तिचे तीन मुलगे आणि शहरातली शाळा. पुस्तक हरवतं, ताप येतो, ऐन श्रावणाच्या पावसात पोरगा घरातून निघून जातो, पोलीस त्याला परत आणून सोडतात. आई येऊन पोचते तेव्हा तो भ्रमात असतो. ही कथा बंगाली सन १२९९ च्या पौषात, म्हणजे १८९२ संपता संपता, 'साधना' मासिकात आली. जेमतेम सात-आठ पानांची आहे, पण तिच्यात वाया गेलेलं वाक्य सापडत नाही.

आता सुरुवातीचा प्रसंग सावकाश वाचा. नदीकाठी सालाच्या लाकडाचा एक मोठा ओंडका पडलेला आहे, नावेची डोलकाठी करायला आणलेला. मालक येऊन पाहील तेव्हा त्याची कशी फजिती होईल, या आनंदात सगळी पोरं तो ढकलून न्यायचं ठरवतात. तेवढ्यात माखन गंभीर चेहऱ्याने येऊन त्या ओंडक्यावर बसतो. धमकी देऊनही उठत नाही. सगळ्या टोळीसमोर म्होरक्याची अब्रू पणाला लागते. मग फटिकला सुचतं, माखनसकट ओंडका ढकलू. पोरं जोर लावतात, ओंडका फिरतो, माखन जमिनीवर आपटतो. उठतो तो थेट फटिकवर धावून जातो, आंधळेपणाने मारत सुटतो, त्याच्या नाकातोंडावर ओरखडे काढतो आणि रडत घरी जातो. फटिकने उलट हात उचलल्याचं रवींद्रनाथ कुठेही लिहीत नाहीत. हे मुलांच्या नजरेतून हमखास सुटतं.

घरी काय होतं? बाघा बाग्दी नावाचा माणूस हातपाय झाडणाऱ्या फटिकला उचलून आणतो. आई लालबुंद. "पुन्हा माखनला मारलंस?" फटिक म्हणतो, नाही मारलं. "पुन्हा खोटं बोलतोस!" तो म्हणतो, माखनला विचार. माखनला विचारलं तर तो आपली आधीची तक्रार कायम ठेवतो: हो, मारलं. आता मात्र फटिकला सहन होत नाही. तो जाऊन माखनच्या एक थोबाडीत देतो, खोटं बोलल्याबद्दल. आई माखनची बाजू घेऊन फटिकला बडवते, तो तिला ढकलतो, आणि ती किंचाळते की माझ्यावर हात टाकतोस! नेमका त्याच क्षणी मामा दारात उभा असतो.

फटिक निर्दोष नाही. ओंडका त्याने मुद्दाम ढकलला. पण विचारलेला प्रश्न होता, मारलंस का. या वयाची मुलं शब्दाच्या बाबतीत वकिलासारखी काटेकोर असतात, हे तुम्हा-आम्हाला रोज दिसतं. त्याने मारलं नव्हतं आणि मारलं नाही असंच त्याने सांगितलं. आईने लाडक्या, शांत, अभ्यासू मुलाचा शब्द खरा धरला आणि उनाड मुलाचा खोटा. घराघरात घडणारी गोष्ट आहे, आईला दुष्ट ठरवायचं कारण नाही. पण आता कथेच्या शेवटाकडे या. तापाच्या भ्रमात फटिक बडबडतो, त्यातलं एक वाक्य असं आहे: आई, मला मारू नकोस, खरं सांगतो, मी काही केलेलं नाही. मरणाच्या दारात त्याला मामीचे टोमणे आठवत नाहीत, मास्तरांची छडीही आठवत नाही. आठवतो तो अंगणातला दिवस, ज्या दिवशी तो खरं बोलला आणि आईला ते पटलं नाही. ही दोन्ही वाक्यं, अंगणातलं आणि तापातलं, फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मी इतकी वर्षं ही कथा शिकवते आहे आणि या एका कृतीने वर्ग जेवढा जागा होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: फटिक जे जे देऊ पाहतो ते कुणी घेत नाही, त्याच्या दुःखाचं मूळ हे आहे. गावात त्याचा शब्द घेतला जात नाही, कलकत्त्यात त्याचे कष्ट घेतले जात नाहीत, शेवटी तर आजारी पडून कुणाला तसदी द्यायचाही आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटू लागतं. मुलांनी लिहिलेली चार कारणं या एका धाग्यावर ओवली तर उत्तर उभं राहतं, नाहीतर ती नुसती यादी राहते.

आता तो उड्या मारत का गेला. मामा आईला विचारतो, पोरांचं शिक्षण कसं चाललंय? ती फटिकच्या बेशिस्तीचं आणि माखनच्या सुशील स्वभावाचं वर्णन करते. मामा म्हणतो, फटिकला माझ्याकडे दे, मी शिकवतो. आई सहज कबूल होते. फटिकला विचारलं, येतोस का मामाबरोबर, तर तो उड्याच मारायला लागतो. कधी निघायचं, किती वाजता निघायचं, म्हणून मामाला भंडावून सोडतो, उत्साहाने त्याला रात्री झोप येत नाही. निघताना आपला मासे धरायचा गळ, पतंग आणि फिरकी माखनला पिढ्यान्‌पिढ्यांच्या मालकीहक्काने देऊन टाकतो. थोड्याच दिवसांपूर्वी ज्याच्या थोबाडीत दिली त्यालाच. यात औदार्य आहे, आनंद आहे, आणि थोडा तोराही आहे.

तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की जायची हौस आणि परत यायची ओढ एकाच मुलात राहू शकते. मोठ्यांचंही असंच असतं. तेरा वर्षांच्या, दिवसभर नदीवर हुंदडणाऱ्या मुलाला कुणी आगबोटीने राजधानीच्या शहरात नेतो म्हटलं तर तो नाचणारच. कलकत्ता तेव्हा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. पण तो 'जायला' तयार झालेला असतो, 'राहायला' नव्हे. परत यायचं कधी, हे निघताना कुणी बोललेलं नाही आणि त्यालाही विचारायचं सुचलेलं नाही.

याच ठिकाणी रवींद्रनाथ आईबद्दल फार बारीक असं एक वाक्य लिहितात. तिला सुटल्यासारखं वाटतं, कारण हा मुलगा कधी माखनला पाण्यात ढकलेल, कधी त्याचं डोकं फोडेल याची तिला सतत धास्ती होती. तरीही फटिकची जाण्याची एवढी उत्सुकता पाहून तिचं मन थोडं दुखावतं. आईला मुलगा जायला हवा आहे, पण त्याने इतक्या आनंदाने जाऊ नये असंही वाटतं. मुलगा जायला निघाला आहे, पण आईने इतक्या सहज कबूल व्हावं हे त्याला आत कुठेतरी लागलेलं असावं. हे दुसरं वाक्य कथेत नाही, ते माझं आहे. पण पुढे पुस्तक हरवण्याच्या प्रसंगी जे येतं त्यामुळे मी ते धीटपणे म्हणते. त्याकडे येतेच.

कलकत्त्यात पाय ठेवल्यावर कथा मध्येच थांबते आणि लेखक सरळ आपल्याशी बोलू लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासारखी आपदा जगात दुसरी नाही, असं तो म्हणतो. ना शोभेचा, ना कामाचा. त्याच्याबद्दल माया उपजत नाही, त्याचा सहवासही कुणाला फारसा नको असतो. बोबडं बोलला तर लाडिकपणा वाटतो, मोठ्यांसारखं बोलला तर आगाऊपणा, आणि तोंड उघडलं हाच अपराध. अचानक उंची वाढते, कपडे अपुरे पडतात, आवाजातला गोडवा जातो, आणि लोकांना वाटतं हा त्याचाच दोष. लहानपणाच्या आणि तारुण्याच्या पुष्कळ चुका लोक माफ करतात, या वयाची साधी अपरिहार्य चूकसुद्धा खपत नाही. आणि हे सगळं त्या मुलालाही आतून जाणवत असतं, म्हणून तो स्वतःबद्दल सतत लाजलेला असतो. याच वयात मायेची भूक सर्वांत जास्त असते. कुणी जरा प्रेमाने वागलं तर तो त्याला विकला जातो. पण तसं वागायचं धाडस कुणी करत नाही, कारण त्याला लोक लाड करणं समजतात. अशा मुलाची स्थिती लेखक धनी नसलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यासारखी होते असं सांगतो.

हा परिच्छेद आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचा. स्पष्टीकरण देऊ नका. मागच्या बाकावरची, ओठांवर नुकती मिसरूड फुटू लागलेली मुलं काय करतात ते बघा. १८९२ साली लिहिलेलं आहे हे त्यांना शेवटी सांगा, आधी नको. वयाच्या या अवघड टप्प्याबद्दल आज समुपदेशक जे बोलतात त्यातलं बरंचसं या एका परिच्छेदात आहे, आणि बरंच कमी शब्दांत.

मामीकडे आता. मुलं तिला खलनायिका करतात आणि आपली पाठ्यपुस्तकी सवय त्यांना साथ देते. पण बघा, तिचं भरलं घर, तीन मुलगे, आणि नवरा तिला न विचारता एक तेरा वर्षांचा, अपरिचित, अडाणी खेडवळ पोरगा आणून उभा करतो. माणसाचं एवढं वय झालं तरी अक्कल म्हणून नाही, असं तिला वाटलं तर नवल काय? खरं सांगायचं तर या कथेत मला सर्वांत जास्त राग येतो तो मामाचा. भला माणूस आहे, मायाळू आहे, शेवटी फटिकला कडेवर उचलून घरात नेतो तोही तोच. पण पोराला आणून टाकलं की आपलं काम झालं अशी त्याची समजूत. बायकोला विचारलं नाही आणि नंतर पोराकडेही बघितलं नाही. चांगल्या माणसांच्या या बेफिकिरीबद्दल उत्तरपत्रिकेत कुणी लिहीत नाही. कुणी लिहिलंच तर त्याला एक गुण जास्त द्या.

मामीच्या घरातली एकच बारकाई पुरेशी आहे. मामी कधी काही काम सांगते तेव्हा फटिकला इतका आनंद होतो की तो सांगितल्यापेक्षा जास्त करून ठेवतो. आणि मामी त्याचा उत्साह मोडते: पुरे पुरे, त्यात आता हात घालू नकोस, जा, आपल्या अभ्यासाचं बघ. वरवर बघितलं तर यात काहीच वाईट नाही. उलट मुलाच्या अभ्यासाची काळजीच दिसते. पण त्या घरात आपलीही काही जागा आहे हे सिद्ध करायची फटिकला एवढीच संधी होती, ती गेली. मार बसलेला मुलगा निदान रागावू तरी शकतो. 'जा अभ्यास कर' म्हणणाऱ्यावर रागावणार कसं?

आपल्या मनात मामाचा गाव म्हटलं की सुट्टी, आंबे, लाड. 'छुटी'त हे सगळं उलटं झालेलं आहे. इथे मामाचं घर म्हणजे शाळा आणि भिंती, सुट्टी म्हणजे स्वतःचं घर. मराठी मुलांना हे लगेच जाणवतं, त्यांच्याकडूनच काढून घ्या.

भिंतींचंही कारण म्हणून वेगळं महत्त्व आहे. कोंडलेल्या घरात फटिकला गाव आठवतं: मोठा पतंग घेऊन धावायचं ते मैदान, स्वतःच रचलेलं निरर्थक गाणं मोठ्याने म्हणत हिंडायचा तो नदीकाठ, वाटेल तेव्हा उडी मारून पोहायची ती अरुंद नदी, ती टोळी, तो उच्छाद, ते स्वातंत्र्य. आणि या सगळ्यांहून जास्त, ती छळणारी, अन्याय करणारी आई. लेखक मायाळू आई म्हणत नाही. फटिकला आठवते ती मारणारीच आई, आणि तरीही तिच्यासाठी जीव आतल्या आत रडत राहतो. शाळेत तो सर्वांत मठ्ठ ठरतो. प्रश्न विचारला की आ वासून बघत राहतो, मास्तरांनी मारलं की ओझ्याखालच्या गाढवासारखा मुकाट सोसतो. मधल्या सुट्टीत मुलं खेळत असताना खिडकीशी उभा राहून लांबच्या घरांच्या गच्च्या बघतो, आणि एखाद्या गच्चीवर एक-दोन मुलं खेळताना क्षणभर दिसली की त्याचा जीव कासावीस होतो.

एकदा धीर करून तो मामाला विचारतो, मी आईकडे कधी जाणार? मामा म्हणतो, शाळेला सुट्टी लागू दे. पूजेची सुट्टी कार्तिकात, आणि ती अजून फार लांब. ताप येण्याआधी स्वतःच्या दुःखाबद्दल तो एवढंच बोलतो.

इथे वर्गात तुलनेसाठी मी रशियन लेखक चेखवची 'वान्का' ही कथा आणते. १८८६ सालची, त्यामुळे जवळपास त्याच काळातली. नऊ वर्षांचा वान्का मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारीला ठेवलेला आहे. तिथे मारहाण आहे, उपासमार आहे. नाताळच्या आदल्या रात्री तो आजोबांना पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा, आणि पाकिटावर पत्ता घालतो: गावाकडे, आजोबांना. ते पत्र कुठेही पोचणार नाही हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही. वान्काचं दुःख उघड आहे, त्याला सांगायला शब्द आहेत आणि ज्याला सांगायचं असा माणूसही आहे, चूक आहे ती फक्त पत्त्यात. फटिकला आईचा पत्ता चांगला ठाऊक आहे, पण तो पत्र लिहीत नाही. त्याच्याजवळ तक्रार करण्यासारखं फार नाहीच. जेवायला मिळतं, शाळेत घातलं आहे, मामा चांगला आहे. कशाबद्दल रडतोस म्हणून विचारलं तर तो काय सांगणार? तुमच्या विद्यार्थ्याने विचारलं तेही हेच.

आता पुस्तकाचा प्रसंग. एक दिवस पुस्तक हरवतं. आधीच अभ्यास जमत नाही, आता तर रोजचा मार. मामेभाऊ त्याच्याशी नातं सांगायला लाजतात, त्याची फजिती झाली की इतरांपेक्षा जास्त हसून दाखवतात. शेवटी असह्य होऊन तो मामीकडे जातो आणि अपराध्यासारखा सांगतो, पुस्तक हरवलं. मामी म्हणते, छान केलंस, महिन्यातून पाच-पाच वेळा पुस्तकं घेऊन द्यायला मला जमणार नाही. फटिक काही न बोलता परततो. दुसऱ्याचे पैसे आपण वाया घालवतो आहोत या विचाराने त्याला, रवींद्रनाथ लिहितात, आईवर अतिशय रुसवा येतो. आणि स्वतःच्या हीनपणाने तो जमिनीत गाडला जातो.

मामीने टोचून बोललं आणि रुसवा आईवर! इथे वर्गाला थांबवा आणि का ते विचारा. परक्याच्या दारात मला उभं केलं कुणी? तू सहज कबूल झालीस म्हणून मी आज इथे लाचार आहे. रुसता येतं ते आपल्या माणसावरच, मामीवर रुसायचा त्याला अधिकारच नाही. म्हणून 'आईची आठवण येत होती' हे उत्तर अर्धं आहे. त्याला आई हवी आहे, आणि तो तिच्यावर मनातून रागावलेलाही आहे. घर सोडून वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे सांगायची गरज पडत नाही. मी स्वतः शाळेची काही वर्षं नातेवाइकांकडे राहून शिकले, चांगल्या नातेवाइकांकडे, आणि तरीही आईची पत्रं मी मुद्दाम उशिरा उघडत असे.

आपल्याकडच्या मुलांची इथे एक खास अडचण होते. आई म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर साने गुरुजींची 'श्यामची आई' उभी राहते. ती श्यामला शिक्षा करते तेव्हाही तिचं बरोबर असतं आणि शेवटी तिच्या शिक्षेचा अर्थ श्यामला कळतो. फटिकच्या आईचं चुकतं, आणि ते कधीच दुरुस्त होत नाही. श्यामच्या चष्म्यातून फटिकची आई वाचली की मुलं नकळत तिला थोर करून टाकतात आणि अंगणातला अन्याय त्यांना दिसेनासा होतो. हा चष्मा उतरवून ठेवायला त्यांना स्पष्ट सांगावं लागतं.

त्याच रात्री डोकं दुखायला लागतं, अंगात शिरशिरी भरते. ताप येतोय हे त्याला कळतं. आणि त्याच्या मनात येतं की आपला आजार म्हणजे मामीला फुकटचा जाच. आजारपणात आपल्यासारख्या निकामी, विचित्र, मूर्ख पोराची सेवा आईखेरीज जगात कुणी करावी अशी अपेक्षा करायचीही त्याला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नसतो. मुलं लिहितात, 'फटिक पळून गेला.' खोडकर मुलगा शिक्षेच्या भीतीने पळतो तसा तो पळालेला नाही. तो त्या घरावरचा भार उतरवायला निघाला आहे, आणि जगात जिथे आजारी पडायचा आपल्याला हक्क आहे अशा एकाच जागी चालला आहे.

रात्रभर धो धो पाऊस. शोधणारे लोक भिजतात, शेवटी पोलिसांत कळवावं लागतं. संध्याकाळी गाडी दाराशी येते, दोन शिपाई चिखलाने माखलेल्या, थरथरणाऱ्या फटिकला उतरवतात. मामी म्हणते, कशाला परक्याच्या पोराचं हे लोढणं गळ्यात, पाठवा त्याला घरी. हे वाक्य मुलांच्या लक्षात राहतं. त्याला लागूनच असलेलं दुसरं राहत नाही: खरं तर काळजीने मामी दिवसभर धड जेवलेली नसते आणि स्वतःच्या मुलांवरही विनाकारण चिडचिड करत असते. म्हणजे तिला काळजी होती, पण ती फटिकपर्यंत पोचली ती फक्त चिडचिड होऊन. रडत तो म्हणतो, मी आईकडे चाललो होतो, मला परत आणलं.

भ्रमातलं बोलणं नीट वाचायला हवं, कारण तिथे सगळे धागे एकत्र येतात. 'मामा, मला सुट्टी लागली का?' हा कार्तिकाचा धागा. 'आई, मला मारू नकोस' हा अंगणाचा. तिसरा आगबोटीचा: कलकत्त्याला येताना खलाशी दोर टाकून पाण्याची खोली मोजत आणि सुरात ओरडत, तेच तो आता ओरडतो, एक वाव, ठाव नाही, दोन वाव, ठाव नाही (वाव हे पाण्याच्या खोलीचं माप). प्रवासात हौसेने ऐकलेली ती आरोळी! तुमच्या विद्यार्थ्याने ज्या उड्या पाहिल्या त्या प्रवासातून फटिकने जपून ठेवलं ते हेच.

रवींद्रनाथांच्या आयुष्यातून दोन गोष्टी सांगायच्या तर सांगा, पण शेवटी आणि थोडक्यात. १८९० च्या दशकात ते घरच्या जमीनदारीच्या कामासाठी पूर्व बंगालमधल्या शिलाईदह, शाहजादपूर भागात राहत. नदीकाठी पडलेली डोलकाठी ढकलणारी पोरं आणि तिच्यावर येऊन ठाण मांडून बसलेली एक छोटी मुलगी त्यांनी पाहिली होती. ते वर्णन त्यांच्या पत्रात आहे. कथेत त्या मुलीचा माखन झाला. आणि त्यांची स्वतःची आई, सारदादेवी, १८७५ साली वारली तेव्हा ते तेरा संपून चौदाव्यात होते. शाळेतही ते कधी रमले नाहीत, एकामागून एक शाळा सोडत गेले, आणि १९०१ मध्ये शांतिनिकेतनला झाडांखाली भरणारी शाळा काढली. हे कळल्यावर 'म्हणजे फटिक म्हणजे टागोरच' असं मुलं झटकन ठरवतात. तेवढं होऊ देऊ नका. टागोर श्रीमंत वाड्यात, नोकरांच्या धाकात वाढलेलं मूल होते, नदीवर टोळी घेऊन हिंडणारा फटिक नव्हते. तेरा-चौदाचं वय आतून ठाऊक होतं, एवढंच त्यावरून म्हणता येईल.

उत्तर लिहून घेताना मी मुलांना चार कारणं लिहू देते, आणि मग प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहायला लावते: इथे फटिकने काय द्यायचा प्रयत्न केला आणि कुणी घेतलं नाही? सगळ्यांना सगळीकडे उत्तर सापडत नाही. शाळेच्या बाबतीत तर मलाही तो प्रश्न ओढूनताणून लावावा लागतो, तिथे नुसता मार आणि कोंडमारा आहे, तसंच लिहिलं तरी चालतं.

वर्गात हमखास येणारा शेवटचा प्रश्न: फटिक वारला का? डॉक्टर अवस्था फार वाईट आहे म्हणतात, आई हंबरडा फोडत येते, आणि तो हळूच म्हणतो की आई, आता मला सुट्टी लागली, आता मी घरी चाललो. कथा तिथे संपते. मृत्यू हा शब्द लेखकाने लिहिलेला नाही. बहुतेक वाचक तो वारला असंच समजतात, मीही समजते, पण 'फटिकचा मृत्यू झाला' असं ठामपणे लिहिणाऱ्याला मी विचारते, कुठल्या ओळीत? आणि 'तो बरा होऊन आईबरोबर गावी गेला' असं लिहिणारी एखादी मुलगी दरवर्षी असते, तिलाही तेच विचारते. दोघांनाही ओळ दाखवता येत नाही, त्यामुळे या प्रश्नाला मी गुण ठेवत नाही.